लूमवाल्याची कुजबुज

कडोदऱ्यात कापडाच्या लूमवर उभी हयात काढलेल्या माणसाची कुजबुज म्हणजे तुमच्याआमच्या घरचं भांडण. खटाखटीत कान गेले नि आवाज चढला. त्यात आमच्या या लूमवाल्या पंडितचा राग नाकाच्या शेंड्यावर. शेवटी बायको सुंदरा म्हणाली, "त्या शिबिरात जा, नि राग तठेच टाकी या."

गेली स्वारी विपश्यनेला. तोंडातून शब्द काढायचा नाही, डोळे मिटून श्वास बघायचा. श्वास कसला बघतोय! डोळे मिटले की डोक्यात लूम सुरू. शिवाय शेजारी बँकेतले दिलीपराव. त्यांची मान छातीवर जायची, दचकून वर यायची, पुन्हा खाली. पंडित किलकिल्या डोळ्यांनी त्यांचीच झोप बघत बसायचा. ध्यान कुठलं, पहारा नुसता.

एका सकाळी त्याला राहवेना. देखरेखीवरचा सेवक जवळून जाताना पंडितने त्याला खाली ओढलं आणि कानाशी लागून, अगदी हळू, सांगितलं, "साहेब, हा बँकवाला इथं झोपायलाच आलाय."

अख्ख्या हॉलने डोळे उघडले. दिलीपरावांची मान ताठ झाली, चेहरा पार उतरला. तेव्हा पंडितला कळलं, आपलं हळू ते हे. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

खोलीवर जाऊन त्याने पिशवी भरली. पण सुंदरा दारातच विचारणार, टाकला का राग? तोंड कोणतं दाखवायचं? पिशवी तशीच ठेवून तो परत येऊन बसला. आता डोक्यात लूम नव्हता, नुसती लाज. कान तापलेले. गुरुजी सांगायचे, येईल ते बघा, हाकलू नका. तो बघत राहिला. बघता बघता दिलीपरावांच्या जागी सुंदरा दिसली. चाळीत तो तिच्यावर ओरडायचा तेव्हा तिचीही मान अशीच ताठ व्हायची. इतक्या वर्षांत हे त्याला दिसलंच नव्हतं. त्या बैठकीत त्याने डोळे उघडले नाहीत.

मौन सुटलं तेव्हा त्याने दिलीपरावांचे पाय धरले. ते ओशाळून म्हणाले, "अहो, बायको गेल्यापासून घरी झोपच येत नाही. इथं लागते."

घरी सुंदराने दार उघडलं. पंडित उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मनं चुकनं, सुंदरा."

त्या माफीने चाळीतली दारं उघडली. ती ओशाळून म्हणाली, "हळू बोला ना, लोके ऐकी ऱ्हायनात."

ऐकू दे, तो म्हणाला. शिव्या ऐकल्या होत्या ना त्यांनी.