चहाची चिठ्ठी

मानवी मनाचा शोध हा माणसाने हाती घेतलेला सर्वांत उदात्त शोध आहे. चिखलीच्या आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र विभागाच्या दारावर हे वाक्य रंगवलेलं आहे, आणि त्याखाली चपला बाहेर काढण्याची सूचना. दोन्ही गोष्टी विभागप्रमुखांनीच लिहून घेतल्या. पाळली जाते ती सूचना.

मी तिथे शिकवते. वरवट बकालची एक विद्यार्थिनी एम.ए.च्या प्रकल्पासाठी माझ्याकडे आली. तिचा प्रश्न साधा होता: चहा घेतल्यावर शब्द जास्त लक्षात राहतात का? गावातल्या बायकांनी चिठ्ठ्या उचलायच्या, दोन खोल्यांत दोन गट. एका गटाला आधी चहा, मग शब्दांची यादी. दुसऱ्याला आधी यादी, चहा शेवटी. कारण बिनचहाचं कोणाला घरी पाठवणं तिच्या आईला मंजूर नव्हतं. चिठ्ठ्या अशासाठी, की तरुण, म्हाताऱ्या, तल्लख, विसरभोळ्या अशा सगळ्या दोन्हीकडे मिसळून जाव्यात. मग जो फरक उरेल तो चहाचा.

निकाल डोळे दिपवणारा आला. चहावाल्या बायकांना कितीतरी जास्त शब्द आठवले. विभागप्रमुखांनी लगेच तिचं नाव परिषदेसाठी घातलं. तिला पीएच.डी. करायची होती, आणि परिषदेत निबंध वाचला तरच पुढे शिकवू, असं घरचे म्हणत होते.

ती मात्र कागद चाळत बसली. "मॅडम, चहावाल्या सगळ्या सुनाच कशा?"

आम्ही दोघी वरवटला गेलो. तिने प्रयोगात बसलेल्या आपल्या काकूला विचारलं, "काकू, तुले चहाची चिठ्ठी आली होती ना? मंग दुसऱ्या खोलीत काऊन बसली?"

"अवं, तिकडं सुना जमल्या होत्या. मी बसली असती त एकीनं तोंड उघडलं नसतं. देऊन टाकली सुनेले."

"अन् बाकीच्यायनं?"

"त्यायनंही बदलल्या. तुह्या चिठ्ठीले काय समजते, कोन कोनाची सासू हाय?"

म्हणजे एका खोलीत कॉलेज पाहिलेल्या सुना आणि दुसऱ्या खोलीत चष्मे शोधणाऱ्या सासवा. माझी विद्यार्थिनी आधी खूप हसली. मग परतीच्या एसटीत खामगावपर्यंत प्रत्येक नावापुढे वय लिहीत बसली.

विभागप्रमुख म्हणाले, "इतका देखणा निकाल! एक तळटीप टाक आणि पुढे चल."

"सर, तो चहाचा निकाल नाही. वयाचा आहे."

"परिषदेत कोण विचारणार आहे?"

"मीच विचारीन की."

आपल्या निष्कर्षासाठी भांडणारे विद्वान मी पुष्कळ पाहिले आहेत. स्वतःच्या निष्कर्षाशी भांडणारी ही पहिलीच. तिने शेजारच्या गावी, नव्या बायकांवर प्रयोग पुन्हा केला. एकेकीला वेगळं बोलावलं, चिठ्ठी स्वतः उघडली, आणि उत्तरं तपासायला माझ्याकडे दिली तीही कोणी चहा घेतला हे न सांगता. या वेळी दोन्ही गटांना जवळपास सारखेच शब्द आठवले.

फरक नाही हा काही निकाल नव्हे, असं विभागप्रमुखांचं मत पडलं. ती हटली नाही. अखेर तिला जेवणाआधीची वेळ मिळाली. मंचावरून तिने आधी चुकलेला प्रयोग सांगितला, सासवा-सुनांसकट, आणि मग नवा. निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र घरच्यांसाठी पिशवीत नीट ठेवलं. मी इतकं स्वच्छ वाचन त्या सभागृहात ऐकलेलं नाही.

श्रोत्यांमधून एकच प्रश्न आला. जेवणाची कुपनं कुठे मिळतात?