पानं उलटणाऱ्या वोंद्राशेकबाई

आमच्या व्हिएन्नात पियानो न वाजवणारा माणूस सापडेल, पण पियानोवर मत नसलेला सापडायचा नाही. मी संगीतसभागृहात लोकांचे कोट सांभाळते, त्यामुळे ही मतं मला फुकटात ऐकावी लागतात. पण थोर रचनांच्या त्या यादीएवढं माझं डोकं कशानेच फिरवलं नाही.

वोंद्राशेकबाई एकतीस वर्षं वादकाच्या डाव्या हाताला बसून स्वरलिपीची पानं उलटत आल्या. काळा पोशाख, पानाला अडकू नये म्हणून बोटात अंगठीही नाही. वादकाने मान हलवली की अर्धवट उठून पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि टाळ्या पडल्या की खाली बघायचं. नवरा गेला त्या आठवड्यातही त्या आल्या होत्या. एकट्याने पियानो वाजवणारे सगळं पाठ वाजवतात. बाई लागतात त्या इतर वाद्यांसोबतच्या रचनांना.

सभागृहाच्या पंचाहत्तरीला पियानोच्या दहा सर्वश्रेष्ठ रचना ठरवायला समिती बसली. अध्यक्ष प्रोफेसर क्राइन्त्स. संगीतकारांत बेटोफन थोर की शूबर्ट, यावर दोन महिने कॉफ्या गार झाल्या. एक दिवस बाई सरळ बैठकीत गेल्या आणि पियानो व चार तंतुवाद्यांसाठीची ब्राम्सची रचना सुचवून मोकळ्या झाल्या.

"त्यात पियानो एकटा कुठंय, फ्राउ वोंद्राशेक?" प्रोफेसर म्हणाले. "थोर रचना डोक्यात असते. पुस्तक बघून वाजवायचं ते कारकुनी काम."

"तुमच्या घरी पुस्तक बघून केलेला सफरचंदाचा स्ट्रूडेल मग दोनदा कसा वाढून घेता, हेर प्रोफेसर?"

समिती हसली. यादी तशीच राहिली. कोट घ्यायला आल्या तेव्हा बाईंनी कोटाचा बिल्ला माझ्या टेबलावर आपटला. "एकतीस वर्षं मी जे केलं, ते यांच्या लेखी संगीतच नाही," त्या म्हणाल्या. मलाही संताप आला. मी कोट दिला.

समारंभात बेटोफनचा एकट्या पियानोसाठीचा शेवटचा सोनाटा स्वतः प्रोफेसर वाजवणार होते. त्या दिवशी दुपारी ते बाईंना शोधत माझ्या टेबलाशी आले. काखेत सोनाटाच्या स्वरलिपीचं पुस्तक.

"सकाळी सरावात दोनदा वाट चुकलो," ते हळूच म्हणाले. "आज पानं उलटाल?"

"उलटीन. ब्राम्स यादीत घाला."

"घातला समजा. शब्द देतो."

संध्याकाळी मी दाराशी उभी होते. वाजवण्याआधी प्रोफेसरांनी यादी वाचली. दहाही नावं झाली, ब्राम्स नाहीच. आणि वर हसले हो, निर्लज्ज. मग पियानोशी बसून त्यांनी बाजूला पाहिलं. बाई उठल्या, पुस्तक मिटलं, काखेत घेतलं आणि रंगमंच उतरून बाहेर आल्या.

"बरी जिरवलीत," मी म्हटलं.

"जिरवायची नव्हती मला." बाईंच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. "दहातली एक ओळ हवी होती. बाकीच्या नऊ घेऊ देत की त्यांना."

आत कोणीतरी खोकलं. आम्ही दोघी दाराला कान लावून उभ्या राहिलो. पियानो अजून वाजत नव्हता.