सरदारची मागची दाढ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मिरजेत, रेल्वे रुळांजवळच्या दोन खोल्यांच्या घरात बनाबाई जमिनीवर बसून कुत्र्याचा उजवा ओठ अंगठ्याने वर सारतात आणि बोटावर चढवलेला रबरी ब्रश त्याच्या दातांवर फिरवतात. डावी बाजू सोडायची. तिथे टाके आहेत. सरदार हलत नाही. तो दाराशेजारच्या कोपऱ्याकडे बघत असतो.

त्या कोपऱ्यात बनाबाईंचा नवरा कोंडीबा बसायचा. जत तालुक्यातला मेंढपाळ. मेंढरं विकून दोघं मुलाकडे, रविराजकडे आली. बरोबर आला तो सरदार. दिवाळीनंतर कोंडीबा वारला. होळीच्या सुमारास सरदारचं खाणं सुटलं. भाकरी तोंडात घ्यायचा, कण्हत टाकून द्यायचा आणि कोपऱ्याकडे पाहत राहायचा.

"मालक बोलावतोय त्येला," बनाबाई म्हणाल्या. रोजची पहिली भाकरी त्या कोपऱ्यात ठेवू लागल्या.

"आये, दात तरी बघ त्येचं."

"बघितलं की. समदं धड हायत. मेंढरांत जलम गेला माजा, आन् तू शिकवतूस व्हय रं?"

मेंढराचे दात पुढून बघतात. त्यावरून वय कळतं, किंमत ठरते. बनाबाईंनी सरदारचे पुढचेच दात पाहिले होते. डाव्या डोळ्याखाली गाठ आली तेव्हा हळद लावली. गाठ फुटून पू आला, तेव्हा रविराजने कुत्र्याला उचलून रिक्षात घातलं.

जनावरांच्या डॉक्टर राजनंदिनींनी वरची मागची दाढ दाखवली. चिरलेली, मुळाशी पू धरलेली.

"उशीर झाला असता तर हातचा गेला असता. रोज ब्रश करा, आजी. माणसांची पेस्ट नको. आणि मिश्री तर नकोच."

"येडी हाय का मी? मिश्री माज्यापुरती हाय."

भूल देऊन दाढ काढली. दोन दिवसांनी सरदारने भिजवलेली भाकरी चाटूनपुसून खाल्ली.

"बघ," रविराज म्हणाला. "मालक-बिलक कोण न्हाई. दाढ हुती."

बनाबाईंनी कोपऱ्यात भाकरी ठेवणं थांबवलं. पण पोट भरल्यावर सरदार अजून तिकडेच वळतो, मान तिरपी करतो, हाक ऐकल्यासारखा शेपूट जमिनीवर आपटतो. त्या वेळी रविराज मोबाइलमध्ये बघतो.

"आता कुटं दुखतंय रं तुजं?" बनाबाई विचारतात.

ब्रश धुऊन त्या खिडकीत ठेवतात. उद्या साडेदहाला टाके दाखवायचे आहेत. त्याआधी सहा दहाला, उजवी बाजू.