छातीचा फोटो आणि माझं इंग्रजी

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा अंगावर सांडेल. मी देवळीच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर, आणि एका इंग्रजी शब्दापायी मी माझ्या धडधाकट बापासाठी रडायला माणसं गोळा केली होती!

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबांचा खोकला महिनाभर हटत नव्हता. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढला. शनिवारी मी एकटाच रिपोर्ट आणायला गेलो. डॉक्टर निघून गेले होते.

"सोमवारी पेशंटले घेऊन येजा," खिडकीतला बाबू म्हणाला.

परतीच्या एसटीत मी पाकीट उघडलं. दोनच ओळी. हार्ट, अनरिमार्केबल. लंग्ज, अनरिमार्केबल.

हा शब्द मी कधी शिकवला नव्हता. घरी येऊन डिक्शनरी काढली. त्यात रिमार्केबल होता, हा नव्हता. मग मीच फोड केली. रिमार्क म्हणजे शेरा. अनरिमार्केबल म्हणजे शेरा मारण्याच्याही पलीकडे गेलेलं! अहो, तीनदा नापास झालेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकावरही मी 'प्रयत्न हवेत' असं लिहितो. बाबांच्या हृदयाबद्दल डॉक्टरांना तेवढंही लिहावंसं वाटू नये?

बाहेर ओट्यावर बाबा बिडी ओढत बसले होते. त्यांची ती वाकलेली पाठ पाहून मी तसाच आत वळलो. बायकोला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं.

"नीट वाचलं ना तुम्ही?" ती म्हणाली.

"मी इंग्रजीचा मास्तर आहो!"

पदर तोंडाला लावून तिनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मी एसटीच्या कंडक्टरजवळ पवनारला बहिणीकडे निरोप धाडला, 'बाबांचं काही खरं नाही, ताबडतोब ये.' दुसरा निरोप सिंदी मेघेच्या काकांना.

रविवारी सकाळी बाबांनी विहिरीवरची बादली उचलली, तशी मी धावत जाऊन हिसकावली.

"काऊन रे? हात मोडले का माहे?"

"तुम्ही आराम करा बाबा."

"काल शिरा, आज आराम. काय भानगड हाय?"

तेवढ्यात बहीण आली. अंगणातूनच 'बाबा गाऽऽ' करत तिनं त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मागून काका. ते नुसते बाबांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाबांनी एकेकाकडे पाहिलं. हातातली बिडी विझली होती, तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"मले काय झालं, सांगतं का?" ते हळूच म्हणाले.

मी बादली घेऊन विहिरीकडे निघालो. त्या दिवशी घरात कोणी धड जेवलं नाही.

सोमवारी सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "छान!"

"छान?" मी रिपोर्टवर बोट ठेवलं. "अहो, अनरिमार्केबल लिहिलंय!"

"हो ना. म्हणजे सांगण्यासारखं वेगळं काही सापडलं नाही. सगळं जसं असायला पाहिजे तसंच आहे. आजोबा, बिडी बंद करा, खोकला जाईल."

मग सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडे वळल्या. बहिणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तिनं एक ठेवून दिली असती तर बरं!

काका म्हणाले, "दादा, तुह्या छातीचा फोटो झाला. आता या मास्तरच्या डोक्याचा काढा लागते."

बाबा धोतर सावरत उठले.

"कायले काढतं? त्यातबी काईच नाई निंघन."