बाओबाबला आलेला फेस

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. माझी बायको अजून हसतेय, तर तुम्हीच का मागे राहावं? फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

लॉकडाऊनचे दिवस. आम्ही मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, दिवसातून एकच तास पाय मोकळे करायचे, बाकी वेळ आपण आणि आपला फ्रिज. शहरात तेव्हा प्रत्येकाने काहीतरी धरलं होतं. कुणी ब्रेड भाजत होतं, कुणी गिटार बडवत होतं. मी इम्युनिटी धरली.

आणि एके दिवशी मला ऑनलाइन सापडली बाओबाब पावडर!

बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच हो! हत्तीच्या पायासारखं खोड असतं ते झाड. आपल्या वसईकडे आहेत की! इथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तिची चुलत बहीण असते, तिला बोआब म्हणतात. गंमत म्हणजे फळातला गर झाडावरच वाळतो. फोडा, दळा, चाळा, झाली पावडर. व्हिटॅमिन सी भरपूर, फायबर तर विचारूच नका, वर कॅल्शियम, पोटॅशियम. चव आंबटगोड. हे सगळं मी घरात इतक्या वेळा ऐकवलं की माझी दहा वर्षांची इरा कानावर हात ठेवायची. "बाबा, प्लीज! नॉट द ट्री अगेन!"

पावडर घरी आली आणि त्याच आठवड्यात पॅन्ट्रीतल्या पिठांत पाखरं झाली. मंजिरी, म्हणजे माझी बायको, दिवसभर मीटिंगमध्ये. मी म्हटलं, "तू बस गं, मी आवरतो."

"नक्की? एकटा?"

"अगं, पिठं डब्यात भरायला काय इंजिनिअर लागतो?"

मी इंजिनिअरच आहे. तेच नडलं.

आइस्क्रीमचे रिकामे डबे काढले. सगळे एकसारखे, पांढरे. पिठं चाळली, डब्यांत भरली, जुन्या पुड्या फेकून दिल्या. मग झाकणं ओट्यावर ओळीने मांडून मार्करने सुवाच्य अक्षरात नावं लिहिली, आणि झाकणं पटापट लावून टाकली. कुठलं कुठल्या डब्यावर? अहो, एवढं कोण बघतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी 'बाओबाब' लिहिलेला डबा उघडला. रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्यात दोन चमचे टाकले, आणि फस्सकन फेस आला!

"मंजिरी, बघ! व्हिटॅमिन जागं होतंय!"

ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "चव कशी आहे?"

"आंबट. थोडी गोड. मागून जरा खारट."

"खारट?"

"मिनरल्स असतात त्यात."

दहा दिवस प्यायलो. पोट ढोलासारखं फुगलं. मी म्हटलं, फायबर काम करतंय. ऑफिसच्या कॉलवर असे ढेकर यायचे की माझा हात कायम म्यूटच्या बटणावर. तरी सांगतो, अंगात जी तरतरी आली होती ना! चेहऱ्यावर तेजसुद्धा दिसायला लागलं होतं. मला.

मग मात्र मी कहर केला. दर शनिवारी दुपारी आम्हा मराठी कुटुंबांचा व्हिडिओ कॉलवर कट्टा भरायचा. तिथे मी जाहीर केलं की या वेळी बाओबाबवर मी बोलणार. तेवढ्यावर थांबायचं ना? नाही! कुंपणापलीकडच्या टेंडाईलाही बोलावलं. टेंडाई नर्स, मूळची झिम्बाब्वेची, फार गोड बाई. म्हटलं, तुझ्यासाठी इंग्लिशमध्येही सांगेन. तुला नवीन काहीतरी शिकायला मिळेल.

ती फक्त म्हणाली, "ओके, मेट."

पंचवीस-तीस घरं स्क्रीनवर. मी सुटलो. दह्यात घाला, स्मूदीत घाला, पोरांच्या लापशीत घाला. आमटीत चिंचेऐवजी घाला, पण शेवटी, फार उकळलं तर व्हिटॅमिन सी जातं. इंग्लिश, मराठी, पुन्हा इंग्लिश. आणि मग प्रात्यक्षिक! गंमत म्हणून चार चमचे टाकले. फेस ग्लासातून उतू जाऊन कीबोर्डपर्यंत पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टेंडाईने म्यूट काढलं. ती इंग्लिशमध्येच बोलली, पण मला ते आजही मराठीतच ऐकू येतं. "प्रसाद, आमच्या गावी दारातच हे झाड आहे. आजी रोज याची पेज करायची. चाळीस वर्षांत मी त्याला एकदाही फेस आलेला पाहिला नाही."

आता इथे तरी गप्प बसावं की नाही माणसाने? मी म्हणालो, "ही ऑरगॅनिक आहे ना, म्हणून."

आणि नेमकी त्याच क्षणी मंजिरी ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर अवतरली. "प्रसाद, बघ जरा या ढोकळ्याकडे! अर्धा तास वाफवला तरी तसूभर फुगला नाही. चॉकलेटी वीट झालीय, आणि आंबट तर असा की दात शिवशिवले! 'ढोकळा' लिहिलेल्या डब्यातलंच तयार पीठ घेतलं मी, सोडा आधीच घातलेलं!"

तीस घरांनी ताटाकडे बघितलं. मग माझ्या ग्लासाकडे.

पहिली ओरडली ती इरा. "ओ माय गॉड! बाबा हॅज बीन ड्रिंकिंग ढोकळा!"

त्यानंतर कोण काय बोललं मला सांगता येणार नाही. नुसते हलणारे खांदे दिसत होते. जोशीकाका तर खुर्चीसकट स्क्रीनबाहेर गेले. टेंडाई डोळे पुसत म्हणाली, "ती वीट टाकू नका हं, मला द्या."

दिली. कुंपणावरून, मास्क लावून.

पण माझं पोट काही खाली बसेना. सोमवारी फोनवर डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरीणबाई अहमदाबादच्या, त्यामुळे आमचं संभाषण हिंदीत. शेजारी मंजिरी स्पीकर लावून बसलेली, म्हणजे खोटं बोलायचीही सोय नाही.

"कोई नया सप्लिमेंट शुरू किया है?"

मी मंजिरीकडे बघितलं. "जी... ढोकले का आटा. दो चम्मच. पानी में घोल के. सुबह, खाली पेट."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. म्हटलं, झाली नोंद.

मग अत्यंत गंभीर, डॉक्टरी आवाजात प्रश्न आला, "चटनी के साथ, या ऐसे ही?"