टचिंगमास्तरांची पेन्सिल

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नाही की एकाही पोराचा कान पिरगाळला नाही, तरी सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. टचिंगमास्तर. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या तोंडावरची मुरमं पुसायची, हा त्यांचा धंदा. खोटं वाटतं? आत्ताच्या पोरांना वाटणारच. त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं की झाला गाल गुळगुळीत. तेव्हा त्याच गालासाठी एका माणसाच्या मानेचा काटा ढिला व्हायचा.

खिडकीशी एक उतरतं लाकडी मेज होतं. त्यात दुधी काच, काचेखाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड वर फेकायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळून निघायची. निगेटिव्हमध्ये सगळा उलटा कारभार. उजळ गाल काळा दिसणार, आणि मुरूम म्हणजे त्या काळ्यातला एक फिकट ठिपका. मास्तर डोळ्याला भिंग लावायचे, पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी करायचे आणि त्या ठिपक्यात इतक्या बारीक रेघा भरायचे की ठिपका आजूबाजूच्या रंगात विरून जायचा. फोटो छापला की मुरूम गायब! हात जरा जड पडला तर मात्र गालावर चुन्याचा शिंतोडा उडाल्यासारखं दिसायचं.

एकदा भलत्याच उत्साहात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या नाकावरचा मोठा तीळच उडवला. तो बाबा ओळखपत्राचा फोटो नाचवत परत आला. "साहेब म्हणतो, हा तू नव्हेसच! माझा तीळ परत लावा आधी!" स्टुडिओचे मालक पोट धरून हसले. मास्तर हसले नाहीत, त्यांनी तीळ परत लावून दिला.

काय दिवस होते ते! ओल्या फिल्मचा तो आंबूस वास, दोरीला चिमट्यांनी लटकलेले चेहरे, बाहेरच्या आरशापाशी एकाच कंगव्यासाठी चाललेली ढकलाढकली. मुली मागच्या दाराने हळूच डोकावायच्या. "मास्तर, हनुवटीवरचं तेवढं बघा हं." मुलगे आणखी लाजरे. ते मालकांना सांगायचे, मालक ते ओरडून आत सांगायचे आणि बिचाऱ्याचं तोंड आणखी लाल व्हायचं. कोणाच्या कपाळावर काय आणि कोणाच्या गालावर किती खड्डे, सगळं मास्तरांना ठाऊक. पण बाहेर कधी चकार शब्द काढला नाही त्यांनी.

आणि मग मुरमांनी मास्तरांच्याच घरात पाय ठेवला.

लेक तेव्हा सतरा वर्षांची. गाल, कपाळ, हनुवटी, कुठे म्हणून जागा सोडली नव्हती मेल्यांनी. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. लेक मागच्या खोलीत आली, मेजाशी उभी राहिली आणि निगेटिव्हकडे न बघताच म्हणाली, "बाबा, सगळे काढा. एकही ठेवू नका. माझं हे तोंड कोणाला दिसता कामा नये."

"नाही दिसणार कोणाला," मास्तर म्हणाले. "शब्द देतो."

जन्मात कोणाच्या फिल्मवर केलं नसेल एवढं काम त्यांनी त्या फिल्मवर केलं. पुढची दोन-तीन वर्षं लेकीचा जो जो फोटो निघाला त्यावर त्यांचीच पेन्सिल फिरली. कुठला बाप आपल्या लेकीचा चेहरा इतक्या जवळून बघतो? नवा फोड कुठे आला, जुना कुठे बसला, त्याच्या जागी राहिलेला डाग आधी लाल, मग तपकिरी, मग फिक्कट कसा होत गेला, हे मास्तरांना लेकीच्या आधी कळायचं. डॉक्टरांचं मलम चालू होतंच. हळूहळू पेन्सिलीचं काम कमी होत गेलं. एके दिवशी मास्तरांनी भिंग लावलं आणि भरायला काही सापडलंच नाही. त्या दिवशी ते कामाच्या वेळात बाहेर येऊन मालकांबरोबर चहा प्यायले, जे ते कधी करत नसत.

पुढे स्टुडिओ बंद झाला. घरच्या निगेटिव्ह तेवढ्या मास्तरांनी बिस्किटांच्या डब्यात घालून आणल्या. लेकीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, आणि बघता बघता ती मुलगीही सोळाची झाली. मास्तर लेकीकडेच राहायला आले होते. आता मुरमं नातीच्या गालावर होती.

नातीने आधी टूथपेस्ट फासली. मग लिंबू चोळलं, त्याने आग आग झाली. मग आरशासमोर बसून नखांनी फोडत सुटली, आणि जिथे फोड होता तिथे काळा डाग बसला. शेवटी लेकीने तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नीट समजावलं होतं. नखं लावायची नाहीत, सारखं तोंड घासायचं नाही, रात्री मलम अगदी थोडं लावायचं, उन्हात जाताना सनस्क्रीन. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडेल, फोड वाढल्यासारखेही वाटतील, घाबरायचं नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि डाग जायला त्याहून जास्त.

सोळा वर्षांच्या जिवाला कसले दोन-तीन महिने! पंधरवड्यात गालाची सालं निघाली आणि नातीने ट्यूब कचऱ्यात भिरकावली. कॉलेजला जाणं बंद. मैत्रिणी दारात आल्या तर "झोपलीय म्हणून सांग." परीक्षा तोंडावर आली होती. यंदा बसणारच नाही म्हणून तिने जाहीर करून टाकलं.

"अगं, मलाही होते," लेक काकुळतीला येऊन म्हणाली. "तुझ्याहून जास्त होते."

"खोटं!" नात किंचाळली. "बरं वाटावं म्हणून सांगतेस. तुझे सगळे फोटो बघितलेत मी. एक तरी फोड आहे का? एक तरी दाखव!"

लेक तरी दाखवणार कुठून? कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या मास्तरांच्या हातातला पेपर खाली आला. एकही फोड शिल्लक ठेवला नव्हता त्यांनी. इतकं चोख काम, आणि त्या चोख कामानेच आज नातीचं वर्ष बुडायला निघालं होतं. 

सकाळी मास्तर निगेटिव्हचा डबा, कापूस आणि टर्पेंटाईनची बाटली घेऊन खिडकीशी बसले. लेकीच्या ओळखपत्राची फिल्म शोधून काढली आणि तिला हाक मारली.

"पेन्सिल यानं निघते," ते बाटलीकडे बोट दाखवत म्हणाले. "खालचं जसंच्या तसं असतं. पण मी तुला शब्द दिला होता. तू म्हणशील तरच."

लेकीने एकदा फिल्मकडे बघितलं, एकदा आतल्या बंद दाराकडे. आता तिचा चेहरा नितळ होता, ऑफिसात बायका तिला विचारायच्या, काय लावतेस गं. तिने ओठ चावला.

"पुसा," ती म्हणाली.

नातीला बळेबळेच बाहेर आणलं. मास्तरांनी तिलाच फिल्म खिडकीच्या काचेवर धरायला लावली. "काढ तुझ्या मोबाइलवर आणि कर उलटा." नातीने तोंड वाकडं करत फोटो काढला, रंग उलटे केले. पडद्यावर सतरा वर्षांची आई आली, अगदी गुळगुळीत.

"बघितलंस आई? हेच तर म्हणतेय मी!"

"थांब की जरा, घाईची गाडी!" मास्तर म्हणाले.

 कापसाचा बोळा त्यांनी फिल्मवर हलकेच फिरवला, एकदा, दोनदा. बोळा करडा होत गेला. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मास्तर स्वतःच्या हाताने पुसत होते, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत होतं, कशाला खोटं बोला.

नातीने पुन्हा फोटो काढला. उलटा केला. आणि दोन बोटांनी चेहरा मोठा केला.

गालभर फोड. कपाळावर फोड. हनुवटीवर एक तर नुकताच नखाने फोडलेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे तुझे?"

"माझेच."

"मग गेले कसे?"

"मलमाने. मीही एकदा फेकलं होतं, मग परत आणलं. फोड जायला सहा महिने लागले, डागांनी दीड वर्ष घेतलं. आणि हा बघ, हा एक गेलाच नाही." लेकीने जबड्याखालचा बारीकसा खड्डा दाखवला. नातीने त्यावर बोट फिरवलं, मग स्वतःच्या गालावर. थोड्या वेळाने ती पायात चपला सरकवत म्हणाली, "औषधाचं दुकान उघडलं असेल ना आता? मीच जाऊन आणते ट्यूब." आणि तोंडावर काही न ओढता भर उजेडात बाहेर पडली.

मोबाइल तिथेच राहिला होता. लेक तो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होती.

"बाबा, एवढी काही वाईट नव्हते हो मी दिसायला."

"छे! मुळीच नव्हतीस."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तूच म्हणालीस ना, सगळे काढा. मी काढले."

"म्हणाले हो," लेक म्हणाली. "पण मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल राहू दे. एकदा तरी म्हणाल, छान दिसतेस, राहू दे."

मास्तरांनी चष्मा काढला. भिंगातून त्यांना रोज दिसायची ती, फोडांसकट, आणि रोज वाटायचं, काय गोड पोर आहे आपली. वाटायचं आणि ते पेन्सिलीला टोक काढायला घ्यायचे.

"छान दिसत होतीस गं बाळ," ते म्हणाले. "फार छान दिसत होतीस."

"आता सांगताय होय!" लेक म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.