बिनमिठाचं ताट

आमचे आचारी शंकरबुवा मीठ नेहमी शेवटी घालत, तेही डोळे मिटून. चुलीतली लाकडं ओढून घ्यायची, पातेल्यावर मूठ धरायची आणि डोळे मिटायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "डोळे उघडे ठिवले की हात भितो, ताई." चव ते कधी पाहत नसत. तरी मीठ चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

परभणीत आमचा कापसाचा जिनिंग कारखाना होता. माझे वडील, आबा, वरचेवर जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना, म्हणजे निजामाच्या कलेक्टरांना, आणि चार व्यापाऱ्यांना बागेत जेवायला बोलवत. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले की मी स्वयंपाकघराच्या जाळीआडून पाहत बसे. कलत्या उन्हात पांढऱ्या बैठकी पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसत. जेवताना कामाचं कोणी बोलत नसे. हात धुतले की साहेब म्हणत, "सेठजी, आप का नमक खाया है. अब फ़रमाइए." मग आबा मागतील त्याला ते नाही म्हणत नसत.

मी बुवांना विचारलं, "तुम्हाला तिथलं सगळं ऐकू येतं?"

"वाढणाऱ्याला कान नसत्यात," बुवा म्हणाले. "नायतर वरण सांडतंय."

त्या साली आबांना साहेबांच्या परवानगीने झरीच्या ओढ्याचं पाणी वळवून कारखान्याकडे आणायचं होतं. बुवा झरीचे. त्यांच्या भावाची, पुतण्यांची शेतं त्याच ओढ्यावर. आबांना हे माहीत होतं. पण स्वयंपाक्याला काय विचारायचं, असं त्यांना वाटत असावं.

जेवणाच्या दिवशी मी जाळीशी होते. बुवांनी चुलीतली लाकडं ओढली. मूठ धरण्याआधी एक वाटी भाजी आणि एक वाटी वरण बाजूला काढलं. मग डोळे मिटले. बाजूला काढलेल्या वाट्या साहेबांच्या चांदीच्या ताटात गेल्या. बुवांनी वळून पाहिलं, मी दिसले. ते ताट उचलून बागेत निघाले.

पहिल्या घासाला साहेबांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. बुवा पळी घेऊन समोर उभे होते, नजर न हलवता. साहेब पुन्हा जेवू लागले आणि ताट स्वच्छ केलं. हात धुतल्यावर आबांनी ओढ्याचं काढलं.

"आज तो हमने आप का नमक खाया ही नहीं, सेठजी," साहेब हसत म्हणाले. "झरी का पानी झरी में रहने दीजिए."

पाहुणे गेल्यावर आबा स्वयंपाकघरात आले. "बुवा, साहेबांच्या ताटात मीठ विसरलात?"

"इसरलो, मालक. वय झालं."

आबा माझ्याकडे वळले. "तू इथंच होतीस ना? काय पाहिलंस?"

"मी वाचत होते," मी म्हणाले. माझ्या हातात पुस्तक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा काम सोडून झरीला निघाले. गावात रात्रीतच बोभाटा झाला होता की शंकरबुवांचा हात गेला. आता लग्नाच्या पंगतीला कोणी त्यांना बोलवणार नव्हतं. ते बैलगाडीत बसताना मी एवढंच विचारलं, "लोक असंच म्हणत राहतील, चालेल तुम्हाला?"

"म्हनू द्या," ते म्हणाले. "ओढ्याला आयकू जात न्हाई."

पुढच्या सुट्टीत मी झरीवरून गेले. बुवा ओढ्यात पाय सोडून बसले होते, डोळे मिटून. मी गाडी थांबवली नाही.